बॉल जॉइंट खरंच गेलाय का? आधी तपासा, मग बदला

पुढच्या चाकाकडून खडखड यायला लागली की पहिला संशय शॉकअपवर जातो. शॉकअप बदलून होतो, लिंक रॉड बदलून होतो, आवाज तसाच. शेवटी कुणीतरी गाडी उचलून पहार लावून बघतो आणि लोअर आर्मच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापासून चाकापर्यंत जाणाऱ्या खालच्या आडव्या पट्टीच्या, टोकाचा बॉल जॉइंट ढिला निघतो. हा क्रम उलटा केला तर पैसे वाचतात. तपासणीला जॅक आणि जॅक स्टँड, चाकांना लावायचे ठोकळे, टॉर्च, एक पहार आणि मदतीला एक माणूस एवढंच लागतं. बदलण्याचं काम स्वतः करायचं नसलं तरी तपासणी शिकून घ्या, कारण आवाजाचे बाकीचे मानकरी फार तर वैताग देतात. बॉल जॉइंट सुटला तर चाक आडवं होतं आणि स्टेअरिंग हातात नुसतं उरतं.

आत काय असतं

हा उखळीचा सांधा आहे. स्टीलच्या वाटीत स्टीलचा गोल, गोलाला जोडलेला दांडा, दोघांच्या मध्ये प्लॅस्टिकचं अस्तर आणि ग्रीस, आणि वरून रबरी टोपी, म्हणजे बूट. लोअर आर्म खड्ड्यागणिक वर-खाली होतो, चाक स्टेअरिंगबरोबर डावी-उजवीकडे वळतं. या दोन्ही हालचाली एकाच ठिकाणी सांभाळायचं काम या सांध्याचं.

जॉइंट झिजतो त्याची सुरुवात बहुतेक वेळा बुटापासून होते. रबर तडकलं की ग्रीस बाहेर आणि चिखलपाणी आत. वाळूमिश्रित पाणी अस्तराला पॉलिश पेपरसारखं खातं. म्हणून पावसाळा संपला की पुढची चाकं एकदा पूर्ण वळवून, टॉर्च लावून बूट बघून घ्यावेत. कोकणातली किंवा घाटातली गाडी असेल तर पावसाळ्याआधीही. फाटलेल्या बुटाचा जॉइंट आज घट्ट लागला तरी त्याचे दिवस भरलेत असंच समजा. नुसता नवा बूट चढवून काही साधत नाही, आत गेलेली माती आतच राहते.

आवाज कोणाचा आहे

बॉल जॉइंटचा आवाज साधारण कमी वेगात येतो: सोसायटीच्या गेटमधला स्पीडब्रेकर, पेव्हर ब्लॉकचा रस्ता, उतरताना लागणारी कड. कोरडी 'टक' किंवा 'टकटक'. सोबत गाडी सरळ रस्त्यावर किंचित भटकते, सतत स्टेअरिंग सांभाळावं लागतं. टायर एका कडेने जास्त खाल्लेला दिसतो. ग्रीस संपलेला जॉइंट उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवतानाही करकरतो.

पण यातलं प्रत्येक लक्षण दुसऱ्या कशाचंही असू शकतं. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना स्प्रिंग 'टंग' करून उडी मारल्यासारखी वाटली तर स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपच्या एकत्र उभ्या खांबाच्या, वरच्या माउंटकडे बघा. पूर्ण वळणावर गाडी चालवताना 'कटकट' लयीत वाढत असेल तर तो ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याचा, बाहेरचा जॉइंट. ब्रेक मारताना एकच 'धप्प' आली तर आर्मचे बुश, म्हणजे आर्म सांगाड्याला जोडतो तिथले रबरी तुकडे. म्हणून नुसत्या आवाजावरून पार्ट मागवू नका.

गाडी कुठून उचलायची

इथे बरेच जण चुकतात, म्हणून जरा थांबून समजून घ्या. १९८३ साली मारुती ८०० आली तेव्हापासून आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांचं पुढचं सस्पेन्शन मॅकफर्सन स्ट्रट पद्धतीचं आहे. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने १९४०च्या दशकात बसवलेली ही मांडणी. यात गाडीचं वजन स्ट्रटवरून थेट चाकाच्या नकलवर (इंग्रजीत knuckle, ज्या धातूच्या तुकड्यावर चाक बसतं तो) उतरतं. खालचा बॉल जॉइंट वजन पेलत नाही, तो फक्त नकलचं खालचं टोक जागेवर धरतो. अशा गाडीत जॅक बॉडीच्या ठरलेल्या जागी लावायचा आणि चाक मोकळं लोंबू द्यायचं. मग जॉइंटमधला प्ले, म्हणजे ढिलेपणाचा खेळ, उघडा पडतो.

इनोव्हा क्रिस्टासारख्या डबल विशबोन, म्हणजे वर आणि खाली असे दोन आर्म असलेल्या, गाडीत गोष्ट वेगळी. तिथे स्प्रिंगचा जोर खालच्या आर्मवर असतो. चाक लोंबतं ठेवलं तर स्प्रिंगच जॉइंटला घट्ट दाबून धरते आणि झिजलेला जॉइंटही चांगला भासतो. त्या गाडीत जॅक आर्मखाली, शक्यतो जॉइंटच्या जवळ लावून तो दाब काढायचा, मग तपासायचं. जॉइंट उघडायची वेळ आली तर मात्र डबल विशबोनचं काम गॅरेजलाच द्या. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जायबंदी होतो. पुढचं सगळं मॅकफर्सनच्या गाडीसाठी आहे.

तपासणी

सपाट, पक्की जमीन. हँडब्रेक पूर्ण ओढा आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. गाडी गिअरमध्ये टाकली म्हणून निर्धास्त राहू नका: पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढचं एक चाक उचललं की गिअरची पकड गेलीच. जॅकने उचलून लगेच जॅक स्टँड लावा, ज्याला गॅरेजमध्ये घोडी म्हणतात. विटा रचून गाडीखाली शिरणारे मी बघितलेत. वीट इशारा न देता फुटते.

आता चाक वर आणि खाली, घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून आत-बाहेर हलवा. हललं तर मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर दोष व्हील बेअरिंगचा. तरीही हलत असेल तर खाली वाकून जॉइंटकडे बघा. ९ आणि ३ च्या जागी धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याचं टोक) किंवा स्टेअरिंग रॅक तपासायला हवा.

खरा निकाल पहारीने लागतो. पहारीचं टोक लोअर आर्म आणि नकलच्या मध्ये घाला, बुटावर टेकू देऊ नका, आणि आर्म हळूच खाली दाबून सोडा. दुसऱ्या हाताचं बोट जॉइंटच्या सांध्यावर ठेवा. डोळ्याला दिसण्याआधी बोटाला 'टिक' कळते. या जातीच्या जॉइंटमध्ये डोळ्याला दिसेल इतका खेळ म्हणजे जॉइंट संपला. आर्मचा बुशही याच झटक्यात हलतो, त्यामुळे हालचाल नेमकी कुठे होतेय ते मदतनिसाला टॉर्च धरायला लावून बघा.

रस्त्याकडेला जॉइंटची वाटी कडेने ठोकून किंवा वेल्डिंग मारून 'घट्ट करून' देणारेही भेटतील. ठोकल्याने गोल अडकून बसतो आणि वेल्डिंगच्या उष्णतेने आतलं अस्तर वितळतं. खडखड थोडे दिवस थांबते, तेवढंच. हे काम फुकट मिळालं तरी करून घेऊ नये.

पार्ट घेताना

बऱ्याच छोट्या गाड्यांत बॉल जॉइंट आर्ममध्येच बसवलेला असतो, तेव्हा पूर्ण लोअर आर्म बदलावा लागतो. बुशही नवे येतात, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका. काही गाड्यांत जॉइंट बोल्टने किंवा रिव्हेटने लावलेला असतो. कंपनीचे रिव्हेट कापून नव्याबरोबर आलेले बोल्ट लावायचे. काहींत तो दाबून बसवलेला असतो, त्याला प्रेस लागतो. दुकानात मॉडेल आणि वर्षाबरोबर आरसीवरचा चेसिस नंबर द्या, आणि डावा की उजवा ते सांगा. नव्या जॉइंटचा दांडा हाताने फिरवताना कडक लागतो, तसाच हवा. सैल फिरणारा परत करा. बोल्टबरोबर नवे सेल्फ-लॉकिंग नटही घ्या, जुने पुन्हा वापरायचे नसतात.

बदलताना

आदल्या संध्याकाळी सगळ्या नट-बोल्टांवर तारेचा ब्रश मारून गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. किनारपट्टीच्या गाडीला हे दोनदा करा.

१. गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट थोडे सैल करा. मग उचलून घोडी लावा आणि चाक काढा. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं ठेवा. घोडी घसरलीच तर तेवढा आधार राहतो.

२. स्टॅबिलायझर बार, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंना जोडणारा वाकवलेला स्टीलचा दांडा, आर्मला जोडलेला असेल तर तो सोडवा. जुन्या मारुती ८०० मध्ये हाच बार आर्मला पुढे-मागे धरून ठेवतो, तेव्हा त्याच्या वायसर आणि रबरांचा क्रम फोनवर फोटो काढून ठेवा.

३. आता नकलमधला दांडा. आडव्या बोल्टने आवळलेला असेल तर नट काढून बोल्ट पूर्ण बाहेर काढा. नुसता सैल करून चालत नाही, कारण दांड्याच्या खाचेतून तो बोल्ट गेलेला असतो. तुम्ही कितीही पहार लावा, खाच सोडणार नाही. बोल्ट निघाल्यावर नकलच्या फटीत चपटी छिन्नी हलकेच घालून फट केसभर उघडा. जास्त फाकवली तर कान तडकतो आणि नकल बदलण्याचा खर्च वाढतो. मग लांब पाइप किंवा पहारीने आर्म खाली दाबला की दांडा सुटतो.

दांडा निमुळता असून खाली नट आणि स्प्लिट पिन असेल तर पिन काढा, नट सैल करा, पण काही आटे लागलेले ठेवा. पुलर, म्हणजे दांडा दाबून सोडवणारं हत्यार, असेल तर उत्तम. नसेल तर नकलच्या ज्या कानात दांडा बसतो त्या कानाच्या बाजूवर हातोड्याचे दोन-चार ठाम घाव घाला. दांड्याच्या टोकावर मारलं तर आटे चेपतात आणि दांडा सुटतही नाही.

इथून पुढे नकल बाहेरच्या बाजूला ओढू नका. ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निसटला की संध्याकाळ गेली. ब्रेकचा रबरी पाइप आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, तेही बघा.

४. आर्मच्या बुशाचे बोल्ट काढून आर्म उतरवा आणि नव्याशेजारी ठेवा. भोकांची अंतरं, दांड्याची जाडी, वाक, सगळं डोळ्याने ताडा. चुकीच्या बाजूचा आर्म बसल्यासारखा वाटतो, म्हणून ही पाच मिनिटं वाचवू नका.

५. नकलचं भोक एमरी पेपरने साफ करा. निमुळत्या दांड्याची जागा कोरडी ठेवायची, तिथे ग्रीस नको. नवा आर्म लावून बुशाचे बोल्ट हाताने बसवा, आवळू नका. दांडा भोकात तळापर्यंत सारा. आडवा बोल्ट बोटांनी सरकत गेला पाहिजे. अडला तर दांड्याची खाच समोर आलेली नाही. हातोडा मारून घातला तर बोल्टही जातो आणि दांडाही.

६. बॉल जॉइंटचा बोल्ट टॉर्क रेंचने (किती जोर लागतोय ते दाखवणाऱ्या पान्याने), गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याला आवळा. खाचांचा नट असेल तर पिनचं भोक जुळवायला नट पुढे आवळायचा, मागे कधीच सोडायचा नाही. पिन नेहमी नवी.

७. बुशाचे बोल्ट अजून सैलच आहेत, आणि तेच हवं. आर्म लोंबत असताना ते आवळले तर गाडी जमिनीवर आल्यावर बुशाचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. म्हणून जॅक लाकडाच्या ठोकळ्यासह आर्मच्या टोकाखाली लावा, घोडीवरचं वजन हलकं होईपर्यंत उचला, आणि मग बुश आवळा. घाईच्या गॅरेजमध्ये हा टप्पा गाळला जातो, आणि तीच गाडी पुढच्या वर्षी पुन्हा आवाज करत येते.

८. स्टॅबिलायझर जोडा, चाक लावा, गाडी खाली आणा आणि चाकाचे नट आडवे-तिडवे आवळा. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतात. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत आहे.

दुसरी बाजू याच वेळी तपासा. दोन्ही बाजू एकाच वयाच्या असतात आणि तेच खड्डे खातात, पण ती घट्ट असेल आणि बूट शाबूत असेल तर जोडीने बदललाच पाहिजे असं नाही.

पहिली फेरी मोकळ्या रस्त्यावर, हळू वेगात, ब्रेक मारून आणि दोन्हीकडे वळवून घ्या. स्टेअरिंग सुरुवातीला किंचित जड लागलं तर नवा जॉइंट आहे म्हणून. काही दिवसांनी, थंड गाडीत, सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. अलाइनमेंट मात्र लगेच करून घ्या, आणि तिथल्या माणसाला आर्म बदलल्याचं आधी सांगा, म्हणजे तो जुन्या आकड्यांवर भरवसा ठेवणार नाही.