वैऱ्यावर प्रेम करायचं म्हणजे नक्की करायचं काय?

बायबलमधलं 'आपल्या वैऱ्यांवर प्रेम करा' हे येशूचं वचन (मत्तय 5:44) वाचलं की आपण मान डोलावतो, आमेन म्हणतो, आणि तेवढ्यात तो एक चेहरा डोळ्यासमोर येतो आणि सगळं तिथंच अडतं. माझं कितीतरी वर्षं असंच अडलेलं होतं, म्हणून जे मला उपयोगी पडलं ते इथं सांगतेय.

सगळ्यात आधी, मनात प्रेम दाटून येईल म्हणून वाट बघत बसू नका. मी बघितली, काही आलं नाही. मग एकदा निर्गम 23 मधली 4 आणि 5 ही वचनं हळू वाचली, तिथं म्हटलंय की तुझ्या वैऱ्याचा बैल किंवा गाढव भटकलेलं दिसलं तर ते त्याला परत नेऊन दे, आणि तुझा द्वेष करणाऱ्याचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं तर तसंच टाकून जाऊ नकोस, त्याला हात दे. आता बघा, त्या माणसाबद्दल तुला काय वाटलं पाहिजे याबद्दल तिथं एक अक्षर नाही! गाढव नेऊन द्यायचं, बस. मला तर हे वाचून हायसं वाटलं.

तेव्हा तुमच्या त्या माणसाचं गाढव कुठलं ते शोधा. त्याचं पार्सल चुकून तुमच्याकडे आलं असेल, त्याच्या रिपोर्टमध्ये एक चूक तुमच्या लक्षात आली असेल जी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर काढण्याऐवजी आधी त्याला गुपचूप सांगता येईल, घरात आजारपण असेल तर मुलांना शाळेतून आणून सोडता येईल. छोटंच काम घ्या, आणि केल्यावर चार लोकांना सांगत फिरू नका.

पण त्याच्याही आधी प्रार्थना, आणि इथं मी जरा जास्त बोलणार आहे. पहिले काही दिवस गोड प्रार्थना येतच नाही, येऊ पण देऊ नका. राग आहे तर तो देवासमोर ओता. स्तोत्र 109 वाचून बघा, किती कडक शब्द आहेत त्यात, आणि तरी ते स्तोत्रसंहितेत आहे, म्हणजे देवाला आपला राग ऐकायला जड जात नाही. तो राग त्या माणसाच्या तोंडावर किंवा ग्रुपवर टाकण्यापेक्षा तिथं टाकलेला बरा. मग रोज एकच ओळ, नाव घेऊन. मंडळीतल्या एका बाईंनी माझ्याबद्दल खोटं पसरवलं होतं, त्यांच्यासाठी मी 'प्रभू, त्यांच्या घरात शांती दे' एवढंच म्हणायचे, दात आवळूनच म्हणायचे खरं तर. काही आठवडे ते नुसते शब्द होते. मग एक दिवस वाटलं की शांती मागतेय खरी, पण त्यांच्या घरात नेमकं काय बिघडलंय ते मला माहीतच नाही, आणि मग लक्ष द्यायला लागले तेव्हा कळलं की त्यांची आई अंथरुणाला खिळलीय आणि रात्र रात्र जागरण चाललंय. त्यांनी केलं ते चूकच होतं, आजही चूकच म्हणेन. पण त्या दिवसापासून ती ओळ म्हणताना दात आवळावे लागले नाहीत.

देवावर प्रेम हा वेगळा विषय आहे असं काहींना वाटतं. येशूला शास्त्र्याने विचारली एक आज्ञा, त्याने सांगितल्या दोन, देवावर पूर्ण मनाने प्रेम कर (अनुवाद 6:5) आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम कर (लेवीय 19:18), आणि दोन्ही जोडूनच ठेवल्या. 1 योहान 4:20 तर सरळच सांगतं, दिसणाऱ्या भावावर प्रेम नाही तर न दिसणाऱ्या देवावर कसं असेल.

आता एक महत्त्वाचं, कारण याच वचनांचा धाक घालून लोकांना मार खात घरात ठेवलं जातं. प्रेम करणं म्हणजे पुन्हा त्याच्या तावडीत जाणं नाही. दावीदच्या जिवावर उठलेला शौल राजा एन-गेदीच्या गुहेत त्याच्याच हाताशी आला होता, दावीदने फक्त झग्याचा काठ कापला, जीव घेतला नाही. शौल रडला, चुकलो म्हणाला. आणि मग? 1 शमुवेल 24 चा शेवट बघा, शौल घरी गेला आणि दावीद आपल्या माणसांबरोबर गडावर गेला. तो शौलबरोबर परत गेला नाही. रोमकरांस 12:18 पण सगळ्यांशी शांतीने राहा म्हणताना 'साधेल तर, तुमच्याकडून होईल तितकं' असं म्हणतं. मारहाण होत असेल तर आधी सुरक्षित जागी जा, पोलिसांची मदत घ्या, प्रार्थना तिथूनही होते.

येशूने सांगितलेल्या गोष्टीतल्या चांगल्या शोमरोन्याचंही तेच बघा. यहूदी आणि शोमरोनी यांचं एकमेकांशी पटत नव्हतं, तरी त्याने लुटारूंनी वाटेत अर्धमेलं करून टाकलेल्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, दुसऱ्या दिवशी दोन दिनार दिले, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी (मत्तय 20 मधला हिशेब), जास्त लागलं तर परत येताना देईन म्हणाला आणि पुढच्या प्रवासाला निघाला. सगळं काम सोडून कायमचा तिथं बसला नाही.

समोरासमोर बोलता येण्यासारखं असेल तर मत्तय 18:15 प्रमाणे एकट्यात बोला, दुसऱ्यांच्या कानावर घालण्याआधी. तेही जमत नसेल तर निदान दिसल्यावर रस्ता बदलू नका, ओळख दाखवा, नावाने हाक मारा.

आणि राग परत येणार. माफ केलंय म्हणता म्हणता मध्यरात्री ते जुनं बोलणं शब्दाशब्दाने आठवतं आणि झोप उडते, मला अजूनही होतं. पेत्राने सात वेळा क्षमा करू का विचारलं तेव्हा येशूने सातांच्या सत्तर वेळा सांगितलं, मला वाटतं त्यातल्या कितीतरी वेळा एकाच अपराधासाठी लागतात. अशा रात्री हिशेब काढत बसू नका, उठून पाणी प्या, तीच एक ओळ नाव घेऊन म्हणा आणि परत झोपा.