टीम रेलिगेट होताना कशी बघायची: सोलापुरातल्या एका लेस्टरवाल्याचं गाईड

हे गाईड अशा लोकांसाठी आहे ज्यांची फुटबॉल टीम इंग्लंडात आहे, जे स्वतः सोलापुरात आहेत आणि ज्यांच्या टीमखाली टेबलात आता दोन-तीनच नावं उरलीत. लिव्हरपूल, आर्सेनलवाल्यांनी नाही वाचलं तरी चालतंय. मँचेस्टर सिटीवाल्यांनी वाचा, तुमचंपण पुढं आलंय.

मी लेस्टरवाला. २०१६ ला सट्टेवाले ५००० ला १ भाव देत होते ती टीम चॅम्पियन झाली तेव्हा अख्खी दुनिया त्यांच्यामागं लागली, मीपण लागलो, बाकीचे सहा महिन्यात उतरले आणि मी तसाच बसून राहिलो. ते गावपण आपल्यासारखंच, होजियरीचं, त्यांचे मोजे आणि आपली चादर, तिकडच्यापण गिरण्या गेल्या आणि आपलीपण जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू गेली. तर २०२३ ला एकदा आणि २०२५ ला परत एकदा टीम खाली जाताना मी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलीय, त्यामुळं या विषयात आपला अनुभव दांडगा आहे.

पहिलं काम म्हणजे घरच्यांना रेलिगेशन काय असतंय ते सांगून ठेवा, नायतर मे महिन्यात तुमचं तोंड बघून ते डॉक्टरकडं न्यायचं बोलतील. आयपीएलमध्ये शेवटी आलेली टीम पुढच्या वर्षी परत त्याच थाटात येते, उलट लिलावात हात मोकळा करून येते. तिकडं प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमध्ये, तसं नाही. २० टीम, ३८ मॅच, खालच्या तीन टीम सरळ खालच्या लीगमध्ये. त्या लीगचं नाव चॅम्पियनशिप. हे नाव ऐकून आमची आई म्हणाली, “मग चांगलंच की, चॅम्पियनशिपला गेले.” मी परत समजवायच्या भानगडीत पडलो नाही.

दुसरं, एक वही घ्या. मोबाईलमध्ये नको, साधी शंभर पानी. माझं म्हणणं असंय की टीम मे महिन्यात खाली जातच नाही, ती सप्टेंबर-ऑक्टोबरपासूनच जात असते, आपल्याला मेमध्ये कळतंय एवढंच. टेबल बघून ते दिसत नाही कारण टेबल फक्त आजचा आकडा दाखवतंय आणि आपण आपल्याला पाहिजे ते वाचतो. वहीत प्रत्येक मॅचनंतर तीन आकडे लिहा: एकूण पॉइंट, मागच्या दहा मॅचचे पॉइंट, आणि १७ व्या नंबरच्या, म्हणजे वाचणाऱ्या शेवटच्या टीमपासून किती लांब. मधला आकडा सगळ्यात महत्त्वाचा. दहा मॅचमध्ये दहा पॉइंट म्हणजे मॅचला एक, या हिशोबानं ३८ होतात आणि ३८ ला बहुतेक वेळा टीम वाचते. दहात सहा-सात यायला लागले की समजून घ्या.

लोक ४० पॉइंट ४० पॉइंट करतात, त्यावर जास्त जाऊ नका. २००३ ला वेस्ट हॅम ४२ घेऊन खाली गेली, २०११ ला बर्मिंगहॅम आणि ब्लॅकपूल दोघी ३९ वर गेल्या. आणि अलीकडं उलटंच चाललंय, २०२४ ला १८ व्या नंबरच्या ल्यूटनचे २६ होते, २०२५ ला १८ व्या नंबरवर आम्हीच, फक्त २५. म्हणजे त्या वर्षी १७ व्या नंबरच्या टीमला २६ सुद्धा पुरले असते बे! आमचे तेवढेपण झाले नाहीत.

आमच्या २०२२-२३ च्या वहीचं पहिलं पान आत्ता समोर आहे. पहिल्या सात मॅचमध्ये एक पॉइंट. मागच्या वर्षी आठवी आलेली टीम. कीपर श्मायकल फ्रान्सच्या नीसला गेला होता, डिफेंडर फोफाना चेल्सीला विकला, श्मायकलच्या जागी डॅनी वॉर्डला उभा केला, आणि मी त्या पानावर पेनानं लिहून ठेवलंय “सुरुवात आहे, होईल नीट”. असली वाक्यं वहीत लिहायची नाहीत. फक्त आकडे.

जानेवारीत ट्रान्सफर विंडो, म्हणजे प्लेयर घ्यायची-विकायची मुदत, उघडते आणि आपल्याकडं सिद्धेश्वराची गड्डा जत्रा असतेय. दोन्हीकडची खरेदी सारखीच. लायटिंगमध्ये वस्तू लई भारी दिसते, घरी आणून चार दिवस झाले की चाक निघतंय. आम्ही तेव्हा टेटे नावाचा प्लेयर आणला लोनवर, म्हणजे उसना, आल्या आल्या अ‍ॅस्टन व्हिलाला ४-२, पुढच्या आठवड्यात टॉटनहॅमला ४-१, मी इतका खूष की ऑफिसात पेढे वाटायचे बाकी ठेवले. ती मॅच ११ फेब्रुवारीची. त्यानंतर लीगमधली पुढची जिंकलेली मॅच २२ एप्रिलला. मधल्या नऊ मॅचमध्ये पॉइंट एक. म्हणून जानेवारीतल्या माणसावर फेब्रुवारीत बोलू नका, एप्रिलमध्ये बोला.

मॅनेजर बदलला की आशा वाढते, ते पण आवरा. रॉजर्सला एप्रिलच्या सुरुवातीला काढला, डीन स्मिथ आला, आठ मॅच शिल्लक. लीड्सवाल्यांनी तर त्याच सीझनला मार्श, ग्रासिया आणि शेवटच्या चार मॅचला अलर्डाइस असे तीन वापरले, तरी १९ वे. काढायचाच असेल तर हिवाळ्यात काढायला पाहिजे.

आता वेळेचं. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडं घड्याळ एक तास पुढं जातंय, म्हणजे शनिवारची दुपारी तीनची मॅच तोपर्यंत आपल्याकडं साडेआठला असते आणि नंतर साडेसातला. मी दोनदा हे विसरून हाफटाइमला टीव्ही लावलाय. आणि एक गंमत सांगतो, शनिवारी तीनच्या मॅच इंग्लंडमध्ये टीव्हीवर लाईव्ह दाखवतच नाहीत, लोकांनी ग्राउंडवर यावं म्हणून जुना नियम आहे. म्हणजे लेस्टरातला माणूस घरी बसून जी मॅच बघू शकत नाही ती मी विजापूर रोडला कडक भाकरी आणि शेंगा चटणी खात बघतो. दुःखात तेवढंच पुढं आहोत आपण त्यांच्या.

मधल्या वारी रात्रीची मॅच म्हणजे साडेबारा-एकला सुरू. उन्हाळ्यात गच्चीवर बघा, खाली कूलरच्या आवाजात कॉमेंट्री ऐकू येत नाही आणि तुम्ही ओरडलात तर पोरं उठतात. पॉवर बँक भरून ठेवा, लाईटचा भरवसा नाही. एक फायदा असा की चार-पाच दिवसांनी येणारं नळाचं पाणी अवेळी आलं तर गल्लीत तुम्हीच जागे असता, मोटर लावून परत गच्चीवर. बायकोचा या छंदावरचा राग याच एका कारणानं कमी झालाय.

अशीच एक रात्र, १ मे २०२३, महाराष्ट्र दिनाची सुट्टी, मॅच साडेबाराला, एव्हर्टन आमच्याच ग्राउंडवर. दोघंपण खड्ड्यात. आम्ही २-१ नं पुढं आणि हाफटाइमच्या आधी पेनल्टी. आमचा मॅडिसन आला, मधोमध मारला, आणि त्यांचा कीपर पिकफर्ड हललाच नाही, जागेवर उभा राहून अडवला. मॅच २-२. तेव्हा वाटलं एक पॉइंट तरी आला. महिन्याभरानं हिशोब केला तेव्हा कळलं, ती मॅच जिंकलो असतो तर आम्ही ३६ आणि एव्हर्टन ३५, खाली ते गेले असते. बाकीची वही एकीकडं आणि ते एक पान एकीकडं. तुमच्याही सीझनला असं एक पान असणार, ते शोधायचं काम मात्र सीझन संपल्यावर करा, चालू सीझनमध्ये केलं तर झोप जाते.

शेवटचा दिवस. सगळ्या दहा मॅच एकाच वेळी, आपल्याकडं रात्री साडेआठ-नऊला. त्या दिवशी सकाळीच कागदावर लिहून काढा काय झालं तर काय होतंय, कारण रात्री डोकं चालत नाही. पॉइंट सारखे झाले तर आधी गोल डिफरन्स, म्हणजे मारलेल्यातून खाल्लेले गोल वजा, मग एकूण केलेले गोल. आमचं गणित असं होतं, एव्हर्टन ३३, आम्ही आणि लीड्स ३१. आम्ही जिंकायचं आणि एव्हर्टननं जिंकायचं नाही. त्यांची ड्रॉ झाली तरी चालणार होतं, गोल डिफरन्स आमचा बरा होता.

तारीख २८ मे २०२३, म्हणजे आयपीएलची फायनलपण त्याच दिवशी. घरात सगळे टीव्हीसमोर, भाचा पिवळी जर्सी घालून, आणि अहमदाबादला धो धो पाऊस. टीव्हीवर कव्हरं, छत्र्या आणि तेच तेच पॅनेल, आणि मी कोपऱ्यात मोबाईलवर. एकाच खोलीत दोन प्रकारची माणसं ताटकळत बसलेली. ३४ व्या मिनिटाला आमच्या बार्न्सनं गोल मारला. एव्हर्टनचं ०-०. लाईव्ह टेबलात आम्ही १७ वे. मी वही काढून तारखेखाली १७ लिहिलं आणि त्याच्याभोवती वर्तुळ काढलं. भाचा म्हणाला, “मामा, पाऊस थांबला काय?” मी म्हटलं थांबला. २३ मिनिटं थांबला होता. ५७ व्या मिनिटाला तिकडं एव्हर्टनच्या दुकुरेनं बॉक्सबाहेरून हाणला, आणि आमची मॅच चालू असतानाच संपली. आम्ही २-१ नं जिंकलो, एव्हर्टनच्या मॅचला दहा मिनिटं इंज्युरी टाइम दिला, आमचे प्लेयर मॅच संपवून वाट बघत होते आणि मी इकडं. त्या दिवशी जिंकूनपण आम्ही ३४ आणि ते ३६. सीझनभर आम्ही गोल मारले ५१ आणि त्यांनी ३४. आता बोला.

या दिवसासाठी एकच सूचना मनापासून: दुसऱ्या ग्राउंडचा स्कोर स्वतः बघा, कुणाच्या तोंडून ऐकू नका. १९९६ ला मँचेस्टर सिटीची शेवटची मॅच लिव्हरपूलबरोबर, ०-२ वरून २-२ केलं, आणि तिकडून कुणीतरी बातमी आणली की ड्रॉ पुरतोय. झालं, हे कॉर्नरला बॉल धरून टाइमपास करत बसले. त्यांचाच प्लेयर नायल क्विन बदली होऊन ड्रेसिंग रूममध्ये गेला होता, त्यानं टीव्हीवर खरं काय ते बघितलं आणि पळत बाहेर येऊन ओरडला की जिंकायला लागतंय. उशीर झाला होता. पॉइंट सारखे, गोल डिफरन्सवर खाली. तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असला बातमीदार एक तरी असतोय, त्याला दोन तास म्यूट करा.

आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत बंद करू नका. २००५ ला वेस्ट ब्रॉम शेवटच्या दिवशी सकाळी सगळ्यात खाली होती आणि रात्री वाचली, ३४ पॉइंटवर. तुमचं तसं होईल म्हणून सांगत नाहीये, बहुतेक नाहीच होणार. पण तुम्ही बंद केल्यावर झालं तर आयुष्यभर सांगता येणार नाही.

लवकर रेलिगेट झालात तर वेगळं प्रकरण. २०२५ ला आम्ही २० एप्रिललाच गेलो, पाच मॅच शिल्लक असताना. घरच्या ग्राउंडवर लीगमध्ये ओळीनं नऊ मॅच हरलो आणि त्या नऊमध्ये एक गोल नाही! टेन्शन काहीच नाही, नुसता कंटाळा. अशा वेळी उरलेल्या मॅच माणसासाठी बघायच्या. वार्डीची शेवटची मॅच, क्लबसाठी ५०० वी, त्यात २०० वा गोल, इप्सविचला, तेपण आमच्याबरोबर खाली चाललेले. मी बघितली, तुम्हीपण तुमच्या टीममधला असा एक म्हातारा शोधून ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या गाड्यावर प्रश्न येणारच, “काय बे, तुमची टीम पडली म्हणं?” उत्तर तयार ठेवा. मी म्हणतो “हो पडली, दोन चहा सांग.” वाद घालायचा नाही, मँचेस्टर युनायटेडवाल्याशी तर नाहीच, कारण त्यांची टीम १९७४ ला पडलेली त्यांनाच माहीत नसते.

उन्हाळ्यात टीममधले प्लेयर विकले जातात, त्याची तयारी ठेवा. टीव्हीचा पैसा एकदम खाली येतो. पॅराशूट म्हणून थोडा मिळतो, प्रीमियर लीगमधल्या सगळ्यांना जो सारखा वाटा मिळतो त्याच्या पहिल्या वर्षी ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५, तिसऱ्या वर्षी २०, आणि वर एकच सीझन राहून परत पडलात तर दोनच वर्षं. पण पगार वरच्या लीगचे ठरलेले असतात, मग मॅडिसन टॉटनहॅमला, बार्न्स न्यूकॅसलला, टिलेमन्स करार संपला म्हणून फुकटात व्हिलाला. ज्या प्लेयरच्या नावाची जर्सी घेतलीय तोच आधी जातो, म्हणून पाठ कोरी ठेवा.

चॅम्पियनशिपमध्ये २४ टीम आणि ४६ मॅच, म्हणजे वहीला पानं जास्त लागतात. वरच्या दोन सरळ वर, त्यांच्याखालच्या काही जणी प्लेऑफ खेळतात आणि वेंब्लीच्या फायनलमधून एकच वर जाते. लीड्सवाले २०२४ ला ती फायनल साउदॅम्प्टनशी ०-१ हरले आणि पुढच्या वर्षी १०० पॉइंट करून गेले. किती दिवस लागतील ते कुणी सांगू शकत नाही, नॉटिंगहॅम फॉरेस्टला २३ वर्षं लागली, आम्हाला एकच.

चॅम्पियनशिप प्रीमियर लीगच्या आधी सुरू होते, तेवढं लक्षात ठेवा. २०२३ ला आमची पहिली मॅच ६ ऑगस्टला, रविवार, कॉव्हेंट्रीबरोबर. नवी वही आणली नव्हती म्हणून जुनीच उलटी करून मागून सुरू केली. ०-१ मागं होतो, मग ड्यूसबरी-हॉलनं शेवटी शेवटी दोन मारले. पहिल्या पानावर लिहिलं: पॉइंट ३. आणि त्याखाली पेनानं “सुरुवात आहे” एवढं लिहून झाल्यावर ध्यानात आलं, मग तेवढं खोडलं.