पॉइंट टूटूसाठी स्कोप घेताना: आकडा नव्हे, पॅरलॅक्स बघा

स्कोप, म्हणजे रायफलीवरची दुर्बीण, घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाचा दुकानात पहिला प्रश्न असतो, "किती एक्स?" म्हणजे किती पट मोठं दाखवतो. दुकानदारही मग ६-२४×५० (६ ते २४ पट, पुढचं भिंग ५० मिमी) असं काहीतरी काढून काउंटरवर ठेवतो. चकचकीत नळी, जाडजूड टरेट (नेम क्लिक-क्लिक सरकवायच्या गुंड्या), आत लाल-हिरवा दिवा. .२२ रायफलीसाठी हा माल बहुतेक वेळा बिनकामाचा. या रायफलीचं खरं काम २५ ते १०० मीटरांत संपतं. तेवढ्यासाठी ४ एक्स भागते, ९ एक्स पुरून उरते.

आधी कायद्याचं बोलून घेऊ. बाजारात 'रिमफायर' (.२२ सारख्या, काडतुसाच्या कडेवर मार बसणाऱ्या रायफलींसाठीचे) म्हणून मिळणारे बरेच स्कोप अमेरिकेत खार आणि सशाच्या शिकारीसाठी बनलेले असतात. आपल्याकडे शिकारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, त्यामुळे ससा, तितर यांचा विषयच नको. सागरेश्वर, कोयना यांसारख्या अभयारण्यांत लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरणंसुद्धा गुन्हा आहे. म्हणून पुढचं सगळं कागदी टार्गेटपुरतं आहे, तेही परवान्याची रायफल आणि रीतसर रेंज असेल तर. आणखी एक गोष्ट: स्पर्धेची तयारी करत असाल तर स्कोप घेऊच नका. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या) रायफल प्रकारांत दुर्बीण चालत नाही, तिथे पीप साइटच (बारीक भोकातून नेम धरायची) लागते. पैसे तिकडे घाला.

आता मुख्य मुद्दा. पॅरलॅक्स म्हणजे काय, तर डोळा थोडा डावी-उजवीकडे सरकला की टार्गेटवरचा क्रॉसहेअरही (स्कोपमधली नेमाची फुली) सरकतो. एसटीत खिडकीशी बसून जवळचा खांब आणि लांबचा डोंगर पाहिला की खांब पळताना दिसतो, त्यातलाच हा प्रकार. प्रत्येक स्कोप एका ठरावीक अंतरावर या दोषातून मुक्त असतो. मोठ्या रायफलींसाठी बनलेल्या स्कोपचं ते अंतर बहुधा १०० यार्ड किंवा त्याहून जास्त, रिमफायरसाठी बनलेल्याचं ५० यार्डांच्या आसपास. चूक किती पडेल याचा हिशेब सोपा आहे: पुढच्या भिंगाचा निम्मा व्यास गुणिले (ठरलेलं अंतर आणि टार्गेटचं अंतर यांतला फरक भागिले ठरलेलं अंतर). भिंग ४० मिमीचं, स्कोप १०० यार्डांचा आणि टार्गेट ५० यार्डांवर असेल, तर डोळा अगदी कडेला गेल्यावर १० मिमी चूक. २५ यार्डांवर १५ मिमी. चांगल्या .२२ चा २५ मीटरवरचा ग्रुप (एकाच नेमाच्या गोळ्यांचा घोळका) यापेक्षा लहान असतो, म्हणजे रायफल नीट मारते आणि स्कोप खोटं बोलतो. लोक मग दोष गोळ्यांना देतात.

तेव्हा खोक्यावर 'रिमफायर' लिहिलंय म्हणून गप्प बसू नका. पॅरलॅक्स किती यार्डांवर बसवलाय ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर स्वतः बघा. स्कोप एकटाच, रायफलीविना, वाळूच्या पिशवीवर किंवा दोन जाड पुस्तकांमध्ये ठेवा, ५० पावलांवरच्या एखाद्या पाटीच्या अक्षरावर क्रॉसहेअर आणा आणि स्कोपला हात न लावता डोकं वर-खाली हलवा. क्रॉसहेअर अक्षरावरून घसरला तर तो स्कोप तुमच्या कामाचा नाही. पुढच्या भिंगाभोवती फिरणारी कडी (एओ) किंवा डावीकडे तिसरा टरेट असेल तर अंतर जुळवता येतं. रेंजवर .२२ आणि घरी दहा मीटरवर .१७७ ची छऱ्याची बंदूक, अशी दोन्हींची सवय असेल तर एओ घ्याच, पण ती १० यार्डांपर्यंत खाली येते का हे पाहून.

मग घ्यायचं काय? हात आखडता असेल तर ४×३२, स्थिर मोठेपणाचा (झूम नसलेला). आत हलणारे भाग कमी, म्हणून बिघाड कमी. त्याच पैशात मिळणाऱ्या ३-९×४० पेक्षा याची काच बहुतेक वेळा उजवी निघते, कारण झूमच्या यंत्रणेवर पैसा गेलेला नसतो. थोडं जास्त परवडत असेल तर २-७×३२ किंवा एओवाला ३-९×४०. याच्यापुढे जाऊ नका. पातळ नळीचे ४×२० स्कोप खेळण्यात जमा. त्यांच्यात डोळा एका जागी धरावा लागतो, संध्याकाळी फारसं दिसत नाही आणि टरेटला धड क्लिक बहुधा नसतो.

उजेडाचं गणित पुढच्या भिंगाला मोठेपणाने भागून निघतं. ३२ भागिले ४ म्हणजे ८ मिमी, ४० भागिले ९ म्हणजे ४.४ मिमी. माणसाची बाहुली अंधारातही साधारण ७ मिमीच्या पुढे जात नाही, त्यामुळे ४×३२ मधून सांजवेळी अगदी ऐसपैस दिसतं. ५० मिमीचं भिंग लावून काही मिळत नाही. उलट रिंग (स्कोप रायफलीवर धरणाऱ्या कड्या) उंच घ्याव्या लागतात, गाल स्टॉकवरून (रायफलीच्या दस्त्यावरून) सुटतो आणि तरंगत्या गालाने नेम लागत नाही. आणि दुपारी जत, आटपाडी, माण भागात जमीन तापली की ९ एक्सवर टार्गेट पाण्यात पडल्यासारखं हलतं. झूमवाला स्कोप तेव्हा ४ वर आणावा.

रेटिकलवर (नेमाच्या फुलीवर) खाली ठिपके किंवा रेघा असतील तर एक लक्षात घ्या: स्वस्त झूम स्कोपमध्ये रेटिकल दुसऱ्या फोकल प्लेनमध्ये असतं, म्हणजे झूम केलं तरी त्याचा आकार तेवढाच राहतो, म्हणून त्या रेघांचं माप एकाच मोठेपणावर, बहुधा सर्वांत जास्त, खरं असतं. ४ वर आणून त्याच रेघेने नेम धरला तर गोळी भलतीकडे. साधा डुप्लेक्स क्रॉस (कडेला जाड, मध्यात बारीक रेघांचा) यापेक्षा बरा.

रिंगांवर कंजूषी करू नका. आधी रायफलीवर खाच कोणती आहे ते बघा. बहुतेक .२२ आणि छऱ्याच्या बंदुकींवर ११ मिमीची डोव्हटेल (तिरक्या कडांची लांब खाच) असते, काही अमेरिकन .२२ वर ती ९.५ मिमी, तर काहींवर आडव्या खाचांची पिकाटिनी पट्टी. पिकाटिनीची खाच ५.२ मिमी रुंद, तशाच दिसणाऱ्या वीव्हर पट्टीची ४.६. म्हणून वीव्हरच्या रिंगा पिकाटिनीवर बसतात, उलट नेहमी बसत नाहीत. इशापूरच्या सरकारी कारखान्याच्या .२२ सारख्या जुन्या रायफलीवर खाच आहे की नाही, हे हाताने चाचपूनच खरेदीला निघा. स्कोपची नळी १ इंच की ३० मिमी, हेही मोजून घ्या.

बसवताना आधी खाच, पट्टी आणि रिंगांचा आतला भाग स्पिरिटने पुसून कोरडा करा. तेलाचा नुसता हात लागला तरी स्कोप सरकतो. स्कोप सैल ठेवून मोठेपणा सर्वांत वर न्या, डोळे मिटून रायफल खांद्याला लावा आणि डोळे उघडा. चित्र पूर्ण गोल दिसेपर्यंत स्कोप मागे-पुढे करा. डोळा आणि भिंग यांत साधारण ८ ते ९ सेंमी अंतर पडतं. सरळपणासाठी गवंड्याचा ओळंबा २५ पावलांवर टांगा, रायफल पातळीत धरा आणि उभी रेघ दोरीवर बसवा. डोळ्याने 'सरळ दिसतंय' म्हणणं धोक्याचं आहे. स्कोप पाच अंश तिरका असेल आणि १०० मीटरसाठी क्लिक वर चढवले, तर गोळी बाजूला दीड-दोन सेंमी जाते. मग रिंगांच्या वरच्या टोप्यांचे स्क्रू आळीपाळीने थोडे-थोडे आवळा, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवत. १.७ ते २ न्यूटन-मीटर पुरे. टॉर्कची चावी नसेल तर अॅलन कीची आखूड बाजू दोन बोटांत धरून आवळा, जोर लावलात तर नळी चेपते आणि झूम जड होतो. शेवटी रिंग आणि पट्टीवर नेलपॉलिशची एक रेघ ओढा. पुढे कधी सरकलं तर रेघ तुटलेली दिसते.

स्प्रिंगच्या छऱ्याच्या बंदुकीबद्दल वेगळं सांगायला हवं. तिचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे बसतो. मोठ्या रायफलीवर टिकलेला स्कोपही या उलट्या धक्क्याने आतून निखळतो. 'एअरगन रेटेड' असाच घ्या आणि मागच्या रिंगेमागे अडकण किंवा स्टॉप पिन लावा. .२२ रिमफायरचा धक्का त्यामानाने नगण्य असतो, तिथे हा खर्च नको.

झिरो करताना (म्हणजे ठरलेल्या अंतरावर गोळी क्रॉसहेअरच्याच जागी लागेल असं जुळवताना) बोल्ट (रायफलीचा मागचा सरकता खटका) काढून नळीतून २५ मीटरवरचं टार्गेट बघा, रायफल न हलवता क्रॉसहेअर तिथे आणा. मग पाच गोळ्यांचा ग्रुप मारा आणि ग्रुपच्या मध्यावरून हिशेब करा, एका गोळीवरून कधीच नाही. पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक २५ मीटरवर १.८ मिमी, ५० मीटरवर ३.६ मिमी हलवतो. ५० मीटरचा झिरो हवा असेल तर २५ मीटरवर गोळी पाऊण ते एक सेंमी वर लागायला हवी. त्याच झिरोवर १०० मीटरला स्टँडर्ड वेगाची ४० ग्रेनची (साधारण २.६ ग्रॅमची) गोळी जवळजवळ एक वीत खाली येते. गोळ्यांचा ब्रँड बदलला तर झिरो पुन्हा तपासा. काही वेळा नवा लॉटसुद्धा फरक दाखवतो.

झिरो झाल्यावर चौकट मारून बघा, हीच स्कोपची खरी परीक्षा. २५ मीटरवर ए-फोर कागद लावा, नेम सतत खालच्या डाव्या कोपऱ्याजवळच्या एकाच ठिपक्यावर. तीन गोळ्या, मग ४० क्लिक उजवीकडे आणि तीन, ४० वर आणि तीन, ४० डावीकडे आणि तीन, ४० खाली आणि शेवटच्या तीन. प्रत्येक बाजू ७३ मिमीच्या आसपास यावी आणि शेवटचा ग्रुप पहिल्यावर पडावा. बाजू थोडी कमी-जास्त आली तर चालवून घ्या, परत जागेवर न येणं चालवून घेऊ नका. स्वस्त स्कोपमध्ये क्लिक केल्यावर पहिली गोळी जुन्याच जागी लागते आणि दुसऱ्या-तिसऱ्या गोळीला उडी मारते. आतली स्प्रिंग अडकते म्हणून. दोन क्लिक जास्त देऊन परत फिरवा आणि टरेटवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकंसं टिचकवा. तरी तेच चाललं तर बिल शोधा. वर-खालीचा टरेट वरच्या टोकाला गेला असेल तरीही स्प्रिंग ढिली पडून झिरो फिरतो. अशा वेळी मागच्या रिंगेखाली पातळ पत्रा घालून टरेट मध्याकडे आणा.

.२२ च्या खोक्यावर दीड मैलांचा इशारा छापलेला असतो, तो हलक्यात घेऊ नका. शिशाची गोळी काळ्या कातळावरून सहज उसळते. वाळूच्या पोत्यांची भिंत नसेल तिथे झिरो करायला बसू नका.

पावसाळ्यात महाबळेश्वर, पाटण, कोयनेकडे स्कोपची वेगळीच परीक्षा होते. आत नायट्रोजन भरलेला असेल तर भिंगावर आतून वाफ धरत नाही. परत घेण्याची हमी दिली असेल आणि खोक्यावर 'वॉटरप्रूफ' लिहिलं असेल, तर टरेटची टोपणं लावून कोमट पाण्याच्या बादलीत दोन मिनिटं बुडवा. बुडबुड्यांची माळ उठली तर परत करा. चामड्याच्या कव्हरात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि भिंगावर जाळ्यासारखी बुरशी येते. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या पुरतात, पुड्या महिन्या-दोन महिन्यांनी बदला. पूर्वेकडच्या तालुक्यांत ओलीपेक्षा धूळ बेकार: आधी रबरी फुंकणीने उडवा, मग मऊ ब्रश, कापड सगळ्यात शेवटी. शर्टाचं टोक तोंडाच्या वाफेने ओलं करून घासलं की काचेवरचं कोटिंग गेलंच समजा.