डेंटल हायजिनिस्टचा कोर्स करणाऱ्या मुलामुलींना एचपीव्हीवर बोलायला कसं शिकवायचं

नेरूळ-बेलापूर पट्ट्यात डेंटल कॉलेजं काही कमी नाहीत. मी हायजिनिस्टच्या, म्हणजे दात साफ करायला शिकणाऱ्यांच्या, बॅचला शिकवते आणि दरवर्षी एकच गंमत बघते. पेपरात एचपीव्हीवर (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) पानभर लिहिणारी मुलगी पेशंटने "हे काय असतं ओ?" विचारलं की एकदम गप्प, कारण तिच्याकडे सगळे शब्द इंग्रजी आणि खुर्चीवर बसलेत तुर्भे मार्केटचे माथाडी काका.

म्हणून आधी मराठी तोंडात बसवायची. साधं असं काहीतरी: "हा एक विषाणू आहे काका, खूप कॉमन, बहुतेकांना होऊन गेलेला कळतही नाही, वर्ष-दोन वर्षांत शरीर स्वतःच त्याला घालवतं. काहींच्या अंगात तो राहतो आणि बऱ्याच वर्षांनी त्यातून कॅन्सर होऊ शकतो, बायकांना गर्भाशयाच्या मुखाचा, आणि घशाचा दोघांनाही." मोठ्याने, एकमेकांना, दहा वेळा. तो पसरतो कसा, हेही वर्गातच बोलून घ्यायचं, शारीरिक संबंधातून, तोंडाने केलेल्यासुद्धा. पहिल्या दिवशी खिदळतात, खिदळू द्या, पेशंटसमोर खिदळण्यापेक्षा बरं.

मग विषय काढायचा कुठून? हातातून. एचपीव्हीचा कॅन्सर बहुतेक टॉन्सिलमध्ये नाहीतर जिभेच्या मुळाशी बसतो, तिथे आपला आरसा नीट पोचत नाही आणि बऱ्याचदा पहिली खूण म्हणजे मानेत न दुखणारी गाठ. त्यामुळे स्केलिंगच्या (दात साफ करण्याच्या) आधी मान चाचपायची सवय लावा आणि चाचपता चाचपताच बोलायला सांगा: "ताई, मानेला हात लावते हां, गाठबीठ आहे का बघते, घशाच्या कॅन्सरसाठी बघतो आम्ही सगळ्यांचं." यावर समोरचा हमखास विचारतो, "मी तर तंबाखू खात नाही, मला कशाला?" झालं, दार उघडलं.

इथे एक सांभाळा. मुलं यूट्यूबवर अमेरिकन व्हिडिओ बघून येतात आणि तिकडचं गणित इथे लावतात. तिकडे घशाच्या या भागातले बहुतेक कॅन्सर एचपीव्हीचे असतात, बरोबर आहे, पण आपल्या ओपीडीत गालात आणि जिभेवर जे दिसतं ते मुख्यतः तंबाखू, गुटखा, सुपारीचं. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि तरी तोंड उघडत नाही म्हणून येणारे पेशंट काही थांबलेले नाहीत. एचपीव्हीच्या नादात तंबाखूचं विचारायचं राहिलं तर मी मार्क कापते.

रोलप्लेला सगळ्यात जास्त वेळ द्या आणि पेशंट तुम्ही स्वतः व्हा, कारण मुलं एकमेकांना अवघड प्रश्न विचारतच नाहीत. मी ऐरोलीची आई होते, बारा वर्षांच्या मुलीला घेऊन आलेली, आणि एचपीव्हीची लस सुचवली की म्हणते, "आमची मुलगी तसली नाहीये." उत्तर काय? भाषण नको. "काकू, गोवरची लस आपण गोवर झाल्यावर देतो का?" एवढंच, आणि मग दोन सेकंद गप्प बसायचं. गप्प बसणंच शिकवायला सगळ्यात अवघड जातं. दुसरा प्रश्न मुलाच्या आईचा, "त्याला कुठे गर्भाशय आहे?" तर काकू, घसा तर आहे ना. तिसरा खरा कसोटीचा, एखादी बाई हळूच विचारते, "म्हणजे नवऱ्याचं बाहेर काही आहे का?" विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो, कोणाकडून कधी आला हे सांगता येत नाही, इतकंच सांगायचं. संसाराचा निवाडा आपण करायचा नाही.

आमच्याकडे एकाने खुर्च्यांच्या भर रांगेत खणखणीत आवाजात विचारलं होतं, "पार्टनर किती?" पेशंट उठून गेला तो परत आला नाही. हा प्रश्न आपल्या कामाचाच नाही, कारण उत्तर काहीही आलं तरी आपण सांगणार तेच आहे. आणि पडदा नसेल तर आवाज खाली.

लसीचं पटकन सांगते: ९ ते १४ वयात दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने, १५ च्या पुढे तीन. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कमी वयात एक डोसही चालेल म्हटलंय. आपल्या पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक आहे, तिला मंजुरी २०२२ चीच. झालेला संसर्ग लसीने बरा होत नाही, हे मुलं विसरतात. कुठली घ्यायची, कधी, हे बालरोगतज्ज्ञ ठरवतील, हायजिनिस्टने तिथपर्यंत पाठवायचं.

गाठ लागली, पंधरा दिवसांत न भरलेली जखम दिसली, एकाच बाजूचा घसा किंवा कान दुखतोय, गिळायला त्रास होतोय, तर निदान करत बसायचं नाही, लगेच सरांना नाहीतर मॅडमना हाक. आणि खारघरला टाटाचं कॅन्सर सेंटर जवळ आहे म्हणून "टाटा" हा शब्द पटकन तोंडातून काढू नका, अर्धे पेशंट तिथेच गार पडतात.

शेवटी केस पेपरवर एक ओळ: "एचपीव्हीबद्दल बोललो, आई म्हणाली घरी विचारून सांगते." सहा महिन्यांनी ती परत क्लीनिंगला येते तेव्हा खुर्चीवर दुसरीच स्टुडंट असते, तिला त्या ओळीवरून पुढे बोलता येतं.