हरभरा आणि तुरीतील पाण्याचा ताण : संरक्षित पाणी केव्हा द्यावे

परतीचा पाऊस ज्या भागात लवकर आटोपला आहे, तेथे जमिनीतील ओलीवर पेरलेला कोरडवाहू हरभरा आणि फुलोऱ्याकडे निघालेली तूर ही दोन्ही पिके पुढील काही आठवड्यांत जवळपास एकाच वेळी पाणी मागू लागतील. मराठवाडा आणि विदर्भातील बऱ्याच शेतकऱ्यांच्या विहिरीत किंवा शेततळ्यात अशा वर्षी जेमतेम एका पाळीपुरते पाणी उरते. पीक वाचवण्यासाठी दिलेले हे संरक्षित पाणी कोणत्या आठवड्यात पडते यावर हरभऱ्याच्या घाट्यांची व तुरीच्या शेंगांची संख्या बरीचशी ठरते.

पिकाला ताण बसला आहे की नाही, हे दुपारी पाहून ठरवू नये. दुपारच्या उन्हात पानांतून जाणारे पाणी मुळांकडून येणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त असते, त्यामुळे जमिनीत ओल असतानाही शेंडे थोडे मान टाकतात व सायंकाळनंतर सावरतात. रात्री पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरील सूक्ष्म छिद्रे, मिटलेली असल्याने रोप पाणी भरून घेते आणि पहाटेपर्यंत पानांतील पाण्याची स्थिती जमिनीतील उपलब्ध ओलीच्या बरोबरीला येते. म्हणून पाहणी सूर्योदयाच्या सुमारास करावी. त्या वेळीही हरभऱ्याची पाने निस्तेज, निळसर हिरवी दिसत असतील, शेंड्याची वाढ थांबली असेल आणि खालची पाने पिवळी पडत असतील, तर मुळांच्या थरातील ओल संपत आली आहे असे समजावे. तूर मात्र फसवते. तिचे सोटमूळ खोल जाते, ती पाने उभी करून ऊन चुकवते, आणि वरून ताजीतवानी दिसत असतानाच फुले व कळ्या गाळू लागते. तिच्या बाबतीत पानांपेक्षा झाडाखाली पडलेली फुले पाहावीत. थोडी फुलगळ नेहमीचीच असते, परंतु ती एकाएकी वाढली तर ताणाची शंका घ्यावी.

प्रयोगशाळेत हीच गोष्ट आकड्यात मांडतात. पानाचे ताजे वजन, काही तास पाण्यात ठेवून फुगल्यावरचे वजन आणि वाळवल्यानंतरचे वजन यांवरून पान आपल्या क्षमतेच्या किती टक्के पाणी धरून आहे हे कळते. निरोगी, ओल मिळणाऱ्या पिकात हे प्रमाण बहुधा 80 टक्क्यांच्या वर असते.

पानांइतकेच, किंबहुना त्याआधी, मुळांवरील गाठींकडे लक्ष द्यावे. ओल कमी होऊ लागली की गाठींतील हवेतील नत्र बांधण्याचे काम बहुधा पानांतील अन्न तयार होणे घटण्याआधीच मंदावू लागते. हरभऱ्याची दोन-तीन रोपे उपटून न काढता खुरप्याने मातीच्या ढेकळासह काढावीत, मुळे पाण्यात अलगद धुवावीत आणि गाठ नखाने फोडावी. आतला भाग गुलाबी-लालसर असेल तर गाठ काम करीत आहे. तो हिरवट-करडा झाला असेल व गाठ सुरकुतली असेल, तर ताणामुळे ती निकामी होत चालली आहे असे बहुधा म्हणता येते. सोयाबीनच्या गाठी या बाबतीत हरभऱ्याहूनही नाजूक असतात. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तेव्हा अनेक ठिकाणी हे पीक ऐन फुलोऱ्यात पावसाच्या खंडात सापडले होते.

एकच पाणी हाताशी असेल तर हरभऱ्याला ते फुलोरा सुरू होताना, म्हणजे साधारण 40 ते 45 दिवसांनी द्यावे. दोन शक्य असल्यास मध्यम जमिनीत 30 ते 35 आणि 60 ते 65 दिवसांनी द्यावीत. तुरीला पहिली पसंती कळ्या-फुलोऱ्याच्या सुरुवातीला आणि दुसरी दाणे भरताना. भेगाळलेल्या काळ्या जमिनीत मोकाट पाणी कधीही सोडू नये, कारण ते भेगांतून खाली जाते, सखल भागात साचते आणि हरभरा उभळतो, म्हणजे जास्त पाण्याने पिवळा पडून सुकतो. तुषार सिंचन संच असल्यास तोच वापरावा, नसल्यास सरीआड (एक सरी सोडून) हलके पाणी द्यावे. पाणी नसलेल्यांनी पीक लहान असतानाच कोळपणी करून (ओळींमधील वरची माती कोळप्याने हलवून) भेगा बुजवाव्यात. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, हे जुने बोल भारी जमिनीत आजही खरे ठरतात.

फवारणीकडून अवास्तव अपेक्षा नको. फुलोऱ्यात 2 टक्के युरिया, म्हणजे 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम, किंवा 13:00:45 (पोटॅशियम नायट्रेट) हे विद्राव्य खत 10 लिटरला 100 ग्रॅम या प्रमाणात फवारल्याने पीक थोडे तग धरते, पण त्यातून ओलीची उणीव भरून निघत नाही. फवारणी सकाळी किंवा ऊन कलल्यावर करावी.

सुकलेले प्रत्येक रोप पाण्यावाचून सुकलेले असतेच असे नाही. ताण सहसा मुरमाड, उथळ किंवा चढाच्या पट्ट्यात आधी दिसतो. मर रोगाची रोपे मात्र ओल असतानाही इकडेतिकडे सुकतात आणि त्यांचे खोड उभे चिरल्यास आत तपकिरी-काळी रेषा आढळते. अशा रोपांसाठी पाणी खर्च करू नये. घाटे पिवळे पडू लागल्यानंतरही हरभऱ्याला पाणी देणे टाळावे, कारण भारी जमिनीत त्यामुळे नवी पालवी फुटते आणि काढणी लांबते.