ॲम्प्लिफायर नंतर, आधी पॉवर सप्लाय

श्रावण लागला की बेळगावजवळच्या येळ्ळूर, उचगाव, खानापूरकडची पीयूसीची (कर्नाटकातली अकरावी-बारावी) पोरं विचारायला लागतात, "दादा, घरात लावायला ॲम्प्लिफायर बनवायचाय, कुठलं किट घेऊ?" गणपती तोंडावर आलेला असतो, घाई असते. माझं उत्तर ऐकून बहुतेकांचं तोंड उतरतं. किट नको. एक ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, दोन मोठे कॅपॅसिटर आणि एक मल्टीमीटर घे, आणि पहिला महिना त्यांच्याशीच झटापट कर.

कारण साधं आहे. स्पीकरला जाणारी ताकद आयसी (ॲम्प्लिफायरची मुख्य चिप) तयार करत नाही, ती सप्लायमधून येते. सप्लाय म्हणजे पाट, आणि आयसी म्हणजे दारं धरणारा गडी. फोनमधून येणाऱ्या बारीक सिग्नलच्या इशाऱ्यावर तो पाणी कमी-जास्त सोडतो. पाटालाच पाणी नसेल तर गडी कितीही हुशार असून उपयोग नाही. क्लास डी ॲम्प्लिफायरचे आयते बोर्ड हल्ली स्वस्तात मिळतात, जोडले की लगेच वाजतात. नुसती गाणी ऐकायची असतील तर तेच घ्या, त्यात कमीपणा नाही. शिकायचं असेल तर मात्र पुढं वाचा.

ट्रान्सफॉर्मर १२-०-१२, म्हणजे मधल्या तारेच्या दोन्ही बाजूंना १२-१२ व्होल्ट देणारा, ३ अँपियरचा. त्यापुढं एसीचं डीसी करणारा चार डायोडचा ब्रिज, आणि प्लस-मायनस दोन्ही बाजूंना ४७०० मायक्रोफॅरडचा, २५ व्होल्टचा एकेक कॅपॅसिटर. मधली तार हेच ग्राउंड. आता प्लस आणि ग्राउंडच्या मध्ये मीटर लावा. १२ व्होल्ट एसी आत गेलं, मग डीसी १६ च्या वर कसं दिसतं? एसीचा १२ हा आरएमएस (एक प्रकारची सरासरी) आकडा असतो, त्याची शिखरं १.४१४ पट, म्हणजे १७ व्होल्टपर्यंत जातात. कॅपॅसिटर त्या शिखरापर्यंत भरतो, डायोड ०.७ व्होल्ट खातो. लोड नसताना ट्रान्सफॉर्मर लिहिलेल्यापेक्षा थोडं जास्तच देतो, म्हणून आकडा आणखी वर दिसतो. पीयूसीच्या फिजिक्समध्ये रेक्टिफायरचा धडा आहेच. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून एकदम इंग्रजीत तो वाचताना जीव जातो, हे खरं. पण मीटरवर आकडा बघितल्यावर तोच धडा पुन्हा उघडा, निम्मा आपोआप कळतो.

हा आकडा आपल्या भागात जास्त जपावा लागतो. पहिल्या ॲम्प्लिफायरसाठी सगळे घेतात त्या टीडीए २०३० या आयसीची मर्यादा प्लस-मायनस १८ व्होल्ट आहे. खेड्यात रात्री लोड उतरला की घरात २३० च्या जागी २५० येतं, आणि तुमचा १६ चा सप्लाय १८ ला टेकतो. आयसी का गेली म्हणून पोरगं दुकानदाराला शिव्या घालत बसतं. टीडीए २०३०ए घ्या, ती प्लस-मायनस २२ पर्यंत चालते. डेटाशीट (कंपनीचा माहितीचा कागद) सगळी वाचायची गरज नाही: कमाल मर्यादांचा तक्ता, पिनांचं चित्र आणि टेस्ट सर्किट, सुरुवातीला एवढं पुरे.

मेन्सला काहीही पहिल्यांदा जोडताना सिरीज बोर्ड वापरा. दुरुस्तीच्या प्रत्येक दुकानात तो असतो: फेजच्या वायरमध्ये ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटून राहतो आणि तुमचा माल वाचतो. सगळं ठीक असेल तर क्षणभर उजळून मंद होतो. एलईडी बल्ब इथं चालत नाही. तारेचे बल्ब मिळणं अवघड होत चाललंय, दिसला की दोन घेऊन ठेवा. आणि बल्ब लावला म्हणून आतल्या २३० ला हात लावायचा नाही. तो माल वाचवतो, माणसाला नाही.

आता सप्लायला काम द्या. प्लस आणि ग्राउंडच्या मध्ये १५ ओहमचा, २० वॅटचा सिमेंट रेझिस्टर लावा. साधारण १ अँपियर ओढेल आणि चांगलाच तापेल, टेबलाच्या प्लायवर ठेवू नका. डीसी व्होल्टेज किती पडलं ते लिहून घ्या. मग मीटर एसीवर करून तीच जागा मोजा. दिसेल तो रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली एसीची लाट. आपल्याकडं मेन्स ५० हर्ट्झची, ब्रिजनंतर लाटा १०० होतात. १ अँपियरला ४७०० मायक्रोफॅरडवर ही लाट वरपासून खालपर्यंत साधारण २ व्होल्टची येते, मीटर मात्र ०.६ च्या आसपास दाखवेल. कॅपॅसिटर दुप्पट केला की लाट निम्मी. हा हिशोब हातात बसला की आवाज वाढवल्यावर बास का फाटतो हे कुणाला विचारावं लागत नाही.

दोन्ही कॅपॅसिटरवर २.२ किलोओहमचा एकेक रेझिस्टर कायमचा टाका. बंद केल्यावर मिनिटभरात ते रिकामे होतात. नाहीतर भरलेल्या सप्लायवर सोल्डरिंग करताना ठिणगी उडते आणि नवी आयसी जाते.

एवढं झालं की आयसी बसवा. टीडीए २०३० चा पाठीचा पत्रा आतून पिन ३ ला, म्हणजे मायनस सप्लायला जोडलेला असतो. हीट सिंक (आयसी थंड ठेवणारा धातूचा तुकडा) लोखंडी डब्याला टेकली की थेट शॉर्ट. म्हणून अभ्रकाचा वॉशर आणि स्क्रूला प्लास्टिकचा बुश. स्पीकर लावायच्या आधी आउटपुटवर डीसी मोजा: काही मिलिव्होल्ट ठीक, व्होल्टमध्ये आलं तर स्पीकर लावायचाच नाही, कॉइल जळेल. इनपुटचं ग्राउंड, स्पीकरची परतीची वायर आणि दोन्ही कॅपॅसिटरचा मधला सांधा एकाच ठिकाणी आणा.

तरीही घरघर आली तर कान लावा. भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्याला हे लगेच जमतं: १०० हर्ट्झचा सूर खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या जवळपास लागतो, ५० चा त्याच्याही एक सप्तक खाली. वरचा असेल तर बहुधा रिपल, सप्लाय तपासा. खालचा असेल तर ग्राउंडची जोडणी किंवा ट्रान्सफॉर्मरजवळून गेलेली इनपुट वायर.

वॅटच्या आकड्यांना भुलू नका. प्लस-मायनस १४ व्होल्टवर, ४ ओहमच्या स्पीकरला ही आयसी १४ वॅटच्या आसपास देते, आणि घरच्या खोलीला ते भरपूर होतं. डब्यांवर छापलेल्या हजारो पीएमपीओ (क्षणभराची म्हणून सांगितलेली कमाल ताकद) वॅटचा आणि कानाला येणाऱ्या आवाजाचा फारसा संबंध नसतो.

सुटं सामान बेळगावात मिळतं. न मिळालेलं कोल्हापुरात, नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर. हीट सिंक भंगारवाल्याकडं वजनावर शोधा. टीडीए २०३० च्या डुप्लिकेट आयसी बाजारात भरपूर आहेत, म्हणून सगळ्यात स्वस्त दुकानात जाण्यापेक्षा दुरुस्तीवाले काका कुठून घेतात ते विचारा. त्यांच्या दुकानात सुट्टीत दुपारी जाऊन बसलात तर आणखी चांगलं. काका फार बोलणार नाहीत, बंद पडलेला सेट उघडून पहिला मीटर कुठं लावतात तेवढं बघा. दहापैकी आठ वेळा तो सप्लायवरच असतो.