चहा अर्धाच भरा: नागपुरात डिस्प्रॅक्सियावाल्या मोठ्या माणसांचा गट कसा जमवावा

"काऊन व, हाताले भोकं पडले काय तुया?" घरात ग्लास फुटला की मावशी हेच विचारायची. साडीच्या निऱ्या, गिअरची गाडी, गरब्याच्या स्टेप्स, यातलं काहीच मला जमलं नाही. छत्तिसाव्या वर्षी मुलाला ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे नेलं. त्या बाई त्याच्याबद्दल विचारत होत्या आणि मान मी हलवत होते. पुढे माझीही तपासणी झाली. डिस्प्रॅक्सिया. डॉक्टरी नाव डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर. बुद्धी शाबूत असते, पण मनात ठरलेली हालचाल हातापायांकडून तशी होत नाही. शाळकरी मुलांत साधारण ५ ते ६ टक्क्यांना हा त्रास असतो आणि बऱ्याच जणांना मोठेपणीही राहतो.

गट सुरू करायला तीन माणसं पुरेत. नोटिशीत नुसतं 'डिस्प्रॅक्सिया' लिहिलं तर कोणी येत नाही, कारण बहुतेकांनी तो शब्दच ऐकलेला नसतो. मी लिहिलं होतं: 'चहा सांडतो? डावं-उजवं चुकतं? दाराच्या कडेला रोज खांदा आपटतो? लहानपणापासून वेंधळे म्हणवून घेतलंय? या, बसू.' थेरपिस्टच्या दवाखान्यात आणि वाचनालयाच्या फलकावर चिकटवलं. निदानाचा कागद मागू नका, मोठ्या माणसाला तो सहजी मिळत नाही.

आईवडिलांचे फोन हमखास येतील. त्यांची कळकळ खरी असते, पण त्यांना याच बैठकीत बसवलं की सगळा वेळ मुलांच्या अक्षरात जातो आणि चाळिशीचा माणूस पुन्हा गप्प होतो. त्यांच्यासाठी वेगळा दिवस ठेवा. इथे मी कडक आहे.

जागा तळमजल्याची आणि मेट्रोजवळची बघा. आम्हाला शंकरनगर चौकाजवळ एका शिकवणीवर्गाची खोली रविवारी मिळते. खापरीकडून येणाऱ्याला सीताबर्डीला ऑरेंज लाइन सोडून ॲक्वा पकडावी लागते, तिथे आमची माणसं गोंधळतात. सरकत्या जिन्यावर पाय कधी टाकायचा हेही अनेकांना कळत नाही, म्हणून लिफ्ट कुठे आहे ते आधीच कळवा. 'डावीकडे वळा' असं लिहू नका. स्टेशनपासून दारापर्यंतचे फोटो क्रमाने पाठवा: हे मेडिकल, हा निळा गेट, हे दार. आठवण आदल्या दिवशी एकदा आणि निघायच्या वेळी एकदा. पहिली पंधरा मिनिटं नुसती यायची ठेवा, उशीर झाला म्हणून कोणी दारातून परत जायला नको. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा भेट सकाळी आठला.

आता खाण्याचं. पहिल्या भेटीला मी हौसेने तर्री-पोहे मागवले. पाच माणसं, पाच कागदी प्लेटा, टेबल एकही नाही. एक दादा पांढरा शर्ट घालून आले होते. एका हातात वाकणारी प्लेट, दुसऱ्यात चमचा, आणि कोणीतरी वरून चहाचा ग्लास पुढे केला. लाल तर्री छातीपासून पँटीपर्यंत ओघळली. कोणी हसलं नाही. तरी ते रुमालाने तोच डाग दहा मिनिटं पुसत राहिले आणि पुढच्या खेपेला आलेच नाहीत. ज्या लाजेपायी माणसं लग्नात जेवायचं टाळतात, तीच मी त्यांच्या हातात वाढून दिली होती. फोन करून माफी मागितली, तेव्हा तिसऱ्या भेटीला आले.

तेव्हापासून टेबल आधी, माणसं नंतर. चहा कानाच्या जाड मगात आणि अर्धाच. जोडीला संत्रा बर्फी किंवा लाडू. मधोमध एक जुना टॉवेल उघडाच पडलेला असतो, सांडलं तर कोणाला उठावं लागत नाही. खुर्च्यांमध्ये हातभर अंतर. ओळखीच्या खेळात चेंडू फेकायचा नाही, हे सांगायला नकोच, पण एका नवख्या स्वयंसेवकाने तो आणला होता.

भेट दीड तासाची, विषय एकच: हेल्मेटचा पट्टा, ऑफिसातल्या नोंदी, पोळ्या. बोलणं खोलीबाहेर जाणार नाही आणि फोटो निघणार नाहीत, हे दर वेळी सांगा. गटाच्या व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज चालू द्या, टाइप करताना बोटं दमतात. उपचार सुचवू नका. कोणी फारच खचलेलं वाटलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या आणि फोन लागेपर्यंत जवळ बसा.

प्रमाणपत्राचं कोणीतरी विचारेलच. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सियाचं नाव आहे. पण नाव आहे म्हणजे दाखला हातात पडला, असं नाही. राखीव नोकरीसारख्या सवलतींना किमान ४० टक्के अक्षमतेचा दाखला लागतो.

खर्चाला डब्यात माणशी वीस रुपये. खोलीच्या किल्लीचा दुसरा जोड समोरच्या पानवाल्याकडे ठेवा. माझ्याकडची दोनदा हरवली, एकदा तर माझ्याच पर्समध्ये.